खडू लावलेला टेप

तुम्ही उतरता ते १९७३ च्या मे महिन्यात. जालना अजून औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका आहे. त्याचा स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडेल. माळ पांढरा पडलाय. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर बायका डोक्यावर पाट्या घेऊन भराव चढताहेत, खडी फोडणाऱ्यांनी बोटांना चिंध्या गुंडाळल्यात. दुपारी सुकडी वाटतात, तुमच्याही ओंजळीत कोणीतरी मूठभर टाकतं. घरी लाल मिलोची भाकरी आहे, ती घशाखाली उतरत नाही म्हणून पोरं रडतात.

पण कामाशेजारच्या मळ्यातली विहीर नीट बघून घ्या, ती पुढं लागणार आहे. तिच्या तळाला पाणी आहे. थोडं आहे, भिजवण्याइतकं नाही, पण माणसाला आणि बैलाला पुरेल एवढं आहे. बहात्तरला अन्नाचा दुष्काळ होता, पाण्याचा नव्हता, असं या भागातली जुनी माणसं नंतर कितीतरी वर्षं सांगत राहतील. हे प्रत्येक गावाला लागू नव्हतं, तरी बऱ्याच गावांचं खरं होतं.

विहिरीच्या थारोळ्याजवळ एक तरुण भूवैज्ञानिक उकिडवा बसलाय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ मध्ये स्थापन झाली, त्याची नोकरीही तेवढीच कोवळी. त्यानं पोलादी टेपच्या खालच्या मीटरभर भागाला खडू फासलाय. टेप सावकाश आत सोडतो, काठावरच्या ठरलेल्या खुणेशी बरोबर बारा मीटरचा आकडा धरतो आणि वर ओढतो. खडू जिथपर्यंत भिजला तिथपर्यंत गडद झालाय : चाळीस सेंटिमीटर. बारातून चाळीस सेंटिमीटर वजा. पाणी अकरा मीटर साठ सेंटिमीटरवर. वहीत तारीख, गाव, आकडा.

"साहेब, मोजता काय? पाणी कुठं लागंल ते सांगा ना," मळ्याचा मालक म्हणतो. त्याच्या मागं पाणाड्या उभा आहे, हातात नारळ.

त्या काळात लोकांनी शास्त्रज्ञाला विचारलेला प्रश्न हाच होता, आणि शास्त्रज्ञानं मनापासून त्याचंच उत्तर दिलं. जालन्यानं तर त्यात जगाला काहीतरी दिलंय. चर्चच्या मिशनच्या माणसांनी इथं यंत्रानं कठीण खडकात बोअर घ्यायला सुरुवात केली आणि ओतीव लोखंडाचे हातपंप सारखे मोडतात म्हणून पोलादाचा पंप घडवला. 'जालना पंप' या नावानं तो पाणीपुरवठ्याच्या इतिहासात नोंदलेला आहे. त्याच वंशात सोलापूर पंप आला आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीला युनिसेफच्या मदतीनं 'इंडिया मार्क टू' तयार झाला, जो आज आशिया-आफ्रिकेतल्या खेड्यांत दिसतो. लांब जाऊन गढूळ पाणी आणणाऱ्या बाईच्या दारात स्वच्छ पाणी आलं. ते पुण्याईचंच काम होतं. पुढं जे झालं त्याचा दोष त्या पंपावर टाकू नका. हातानं किती उपसणार? हाप्सा मारून कोणी खडक कोरडा केलेला नाही.

आता पंधरा वर्षं पुढं या. १९८८ चा ऑक्टोबर.

तीच विहीर, मालकाचा मुलगा कर्ता झालाय. मोट अडगळीत पडली, ऑइल इंजिन आलं, गेलं, आता विजेची मोटार आहे. शेतात मोसंबी. बांधापलीकडच्या शेजाऱ्यानं बोअर घेतलं आणि त्यात सबमर्सिबल सोडली. भूवैज्ञानिक आता चाळिशीकडं झुकलाय. जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरताना असा वर्षातून चार वेळा तो येतो. वहीतल्या आकड्यांना आता उतार दिसू लागलाय. पावसाळ्यानंतरचं पाणी पूर्वीइतकं वर येत नाही, आणि मेमधलं आणखी खाली जातं.

पारावर तो गणित मांडतो, तुम्हीही त्याच्याजवळ बसा. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. वर माती, खाली मुरूम, मग भेगा असलेला खडक, मग अखंड कातळ. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. शंभर भाग खडक घेतला तर त्यातून उपसता येईल असं पाणी अवघं दोन-तीन भाग. आपल्याकडं पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर. त्यातला दहावा हिस्सा मुरला असं धरा, म्हणजे सत्तर मिलिमीटर. दोन टक्के जागा असलेल्या खडकात तेवढं पाणी विहिरीची पातळी साडेतीन मीटर चढवतं. साडेतीन मीटर ही झाली वर्षाची कमाई. त्याच्या वर जो उपसा होईल तो गेल्या वर्षीच्या शिलकेतून.

"मग खोल गेलो तर?" मुलगा विचारतो.

"खोल कातळ आहे. एखादी भेग लागली तर लागली. त्या भेगेत पाणी वरूनच येतं, तुमच्याच विहिरीतून, शेजाऱ्याच्या विहिरीतून. बोअरनं पाणी वाढत नाही, फक्त लवकर संपतं."

ऐकणारे मान डोलावतात. खोटं आहे असं कोणीच म्हणत नाही. चहा होतो. भूवैज्ञानिक जीपमध्ये बसतो, आणि त्याचा अहवाल टंचाईच्या संभाव्य गावांची यादी जोडून वरच्या कार्यालयात जातो. कोणत्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागेल हे ऑक्टोबरातच त्या यादीत लिहिलेलं असतं, म्हणजे सहा महिने आधी. ज्या गावाचं नाव यादीत आहे त्या गावाच्या पारावर मात्र ती यादी कधी लागत नाही. मला हे त्या काळातलं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं. इशारा वेळेत होता, अचूक होता, आणि तो फाइलमध्ये होता.

हे एकट्या जालन्याचं दुखणं नव्हतं. त्याच वर्षी, २३ जून १९८८ ला, वॉशिंग्टनमध्ये भर उन्हाळ्यात जेम्स हॅन्सन नावाचा नासाचा शास्त्रज्ञ अमेरिकी सिनेटच्या समितीपुढं उभा राहिला आणि पृथ्वी तापतेय, ते माणसाच्या धुरामुळं, असं त्यानं ठामपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर बातमी आली. त्याच वर्षी हवामान बदलावरची आंतरसरकारी समिती, आयपीसीसी, स्थापन झाली. १९९२ मध्ये जगातल्या सुमारे सतराशे शास्त्रज्ञांनी, त्यांत नोबेलविजेते कितीतरी, मानवजातीला उद्देशून एक लेखी इशारा काढला. २०१७ मध्ये दुसरा निघाला तेव्हा सह्या पंधरा हजारांवर होत्या. अणुशास्त्रज्ञांनी तर १९४७ मध्येच प्रलयाचं घड्याळ काढून ठेवलं होतं, मध्यरात्रीला सात मिनिटं कमी. सह्या वाढल्या, घड्याळाचे काटे मागं-पुढं झाले, आणि धूरही वाढला.

एक इशारा मात्र ऐकला गेला. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये सांगितलं की फवाऱ्याच्या डब्यांतला आणि फ्रिजमधला वायू वरचा ओझोन खातो. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि तो पाळला गेला. तो वायू बनवणारे कारखाने मोजके होते, त्याला पर्याय निघाला, आणि थांबायचं ते सगळ्यांनी, ठरलेल्या वेळापत्रकानं थांबायचं असं लिहून ठरलं. यातली शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पारावरच्या त्या बैठकीत ती नव्हती. मोसंबीवाल्यानं त्या रात्री मोटार बंद ठेवली असती तर शेजाऱ्याची सबमर्सिबल चालूच राहिली असती. मान डोलावणारा माणूस घरी जाऊन बोअर घेतो तेव्हा तो अडाणी नसतो; एकट्यानं थांबण्यात त्याला फक्त तोटा दिसतो, आणि तो दिसतो तसाच असतो.

१९९३ मध्ये कायदा आला : पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको. किती जणांनी परवानगी मागितली हे तुम्ही कोणत्याही गावात जाऊन विचारा.

तिथं फार थांबू नका. खरपुडीला चला, जालना शहराला लागून. नव्वदचं दशक संपत आलंय. कृषी विज्ञान केंद्राच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्यात, बाहेर मोटारसायकली आणि एक-दोन ट्रॅक्टर. आज महिन्याची पाच तारीख आहे, आणि दर पाच तारखेला इथं शेतकरी आणि शास्त्रज्ञांचं चर्चासत्र असतं. मराठवाडा शेती साहाय्य मंडळानं चालवलेलं हे केंद्र. त्याच्या मागं विजयअण्णा बोराडे यांचा ध्यास. पुढच्या रांगेत बसा.

इथला सूर वेगळा आहे. परभणीच्या विद्यापीठातून आलेला शास्त्रज्ञ बोलतो, मग एक शेतकरी उठतो आणि म्हणतो, "मागच्या महिन्यात तुम्ही जे सांगितलं ते मी केलं, अर्ध्या रानात जमलं, अर्ध्यात नाही. काहून?" शास्त्रज्ञाला उत्तर द्यावं लागतं. पुढच्या पाच तारखेला तोच शेतकरी पुन्हा समोर असणार आहे, त्यामुळं त्याला काही फेकता येत नाही. सिनेटपुढं हॅन्सनला ही सोय नव्हती. एकदा सांगून निघून जाणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी पावसाचा अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली. त्या तक्रारीला हसणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की ज्यानं अंदाजावर भरवसा ठेवून पेरलं त्याला चूक झाल्यावर जाब विचारायला दुसरी जागाच नव्हती. खरपुडीत ती जागा होती.

सभागृहातून उठून कडवंचीला जा. जालना तालुक्यातलंच गाव. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली काम चाललंय. शिवाराचा नकाशा जमिनीवर पसरलाय आणि गट नंबर वाचून एकेका मालकाला पुढं बोलावताहेत : तुमच्या रानात बांध कुठून जाईल, कुठं माती वाहते, कुठं दगड आहे. माथ्यावर सलग समतल चर, उतारावर बांधबंदिस्ती, खाली नाल्यावर बंधारे. अटी आधीच वाचून दाखवल्यात : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. एकाचा प्रश्न येतो की बाकीच्यांनी नाही पाळलं तर? उत्तर मिळतं की अटी सगळ्या गावाला आहेत, एकानं मोडल्या तर सगळ्यांचं काम अडेल.

ओझोनच्या करारात जे होतं ते इथं दिसतंय. धोका सांगितला, त्याच दमात काम सांगितलं, आणि ते एकाच दिवशी सगळ्या शिवाराला सांगितलं.

आता २०१३ चा मे. श्वास घेऊन उतरा, हे बघणं सोपं नाही.

घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळापासून जालना शहराला पाणी देतोय. त्याच्या तळात तुम्ही चालत जाऊ शकता, पायाखाली गाळाच्या भेगा आहेत, हात आत जाईल एवढ्या. शहरात प्लास्टिकचे ड्रम गल्लीच्या तोंडाशी साखळीनं बांधून ठेवलेत. टँकर आला की आधी पोरं धावतात, मग आया.

मळ्यात जा. नातू भेटेल. मोसंबीची झाडं उभी आहेत, पण पानं गुंडाळून वाळलीत, फांदी मोडली तर कट्‌ असा आवाज येतो. पंधरा वर्षं वाढवलेली बाग. आजोबांच्या विहिरीत आडवे बोअर मारून झालेत, तळात उतरून चारी अंगांना. तेही कोरडे. दारात बोअरच्या पावत्यांची चवड आहे आणि सावकाराच्या चिठ्ठ्या वेगळ्या.

रात्री गाडी येते, तमिळनाडूच्या नंबरची. दिव्यांच्या उजेडात मास्ट उभा राहतो, कॉम्प्रेसर सुरू होतो, बोलणं ऐकू येईनासं होतं. दोनशे फूट : पांढरा फुफाटा. तीनशे : फुफाटा. बाई पदर नाकाला लावून दारात उभी आहे. साडेचारशेला थोडी ओल येते, राखेसारखी भुकटी कालवल्यासारखी होते, सगळे पुढं सरकतात. वीस फुटांनी पुन्हा कोरडं. पाचशेला नातू हात वर करतो. ड्रिलर फुटांचा हिशोब करतो. पाणी लागलं नाही म्हणून फुटांचे पैसे कमी होत नाहीत.

पंचवीस वर्षांपूर्वी पारावर मांडलेलं गणित हेच होतं, कातळ तिथंच होता. भूवैज्ञानिक आता निवृत्त झालाय. तो सकाळी त्या मळ्यात येतो, "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणत नाही, नातवाच्या शेजारी बसतो. शास्त्रज्ञांविषयी मला जो आदर आहे तो अशा माणसांमुळं. आपला अंदाज खरा ठरला याचा आनंद ज्याला होत नाही, त्याच्या पुढच्या इशाऱ्याला ऐकणारा मिळतो.

त्याच उन्हाळ्यात कडवंचीत द्राक्षाच्या बागा हिरव्या होत्या. पाऊस तिथंही कमीच पडला होता. लोक बसनं, जीपनं बघायला येत होते. तिथं शेततळी दिसतील, शेकड्यांनी, निळ्या-काळ्या प्लास्टिकनं अस्तर केलेली. त्यांनी बागा वाचवल्या हे खरं आहे. पण काठावर थांबून पाणी कुठून आलं ते विचारा. बऱ्याच तळ्यांत ते पावसाळ्यात विहिरीतून उपसून भरलेलं असतं. जमिनीखाली सावलीत असलेलं, सगळ्यांचं सामाईक पाणी वर उन्हात आणून एकाच्या नावावर होतं, आणि मे महिन्यात रोज सेंटिमीटरच्या आसपास वाफ होऊन उडतं. भूजलाचे अभ्यासक हा इशारा आज देताहेत. ज्या गावानं पहिला इशारा ऐकला त्यालाच दुसरा ऐकायचा आहे, आणि या वेळी तो जास्त कडू आहे, कारण तो यशाविरुद्ध बोलतो. तरी तो ऐकलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचा टप्पा छोटा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट, काढणीला आलेला गहू आणि हरभरा आडवा, द्राक्षांचे घड फुटलेले. त्याच वर्षी नवा भूजल कायदा लागू झाला, साठ मीटरच्या खाली विहीर किंवा बोअर नको असं सांगणारा. साठ मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. ती रात्रीची गाडी पाचशेपर्यंत गेली होती. २०२१ मध्ये आयपीसीसीनं आपल्या सहाव्या अहवालात लिहिलं की माणसामुळं हवा, समुद्र आणि जमीन तापली याबद्दल आता शंका उरलेली नाही. शास्त्रज्ञ इतकं ठाम सहसा लिहीत नाहीत. हवा तापली की ती जास्त वाफ धरते, पाऊस मग थोड्या दिवसांत धो धो पडतो आणि मध्ये मोठे खंड पडतात. धो धो पडलेलं पाणी वाहून जातं, मुरत नाही. साडेतीन मीटरच्या कमाईचं गणित त्यामुळं आणखी तुटपुंजं होतं. वॉशिंग्टनमधली ती साक्ष आणि मळ्यातला तो फुफाटा यांचा संबंध इथं जुळतो.

शेवटी आजच्या दिवसात या. अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातले जे तेरा जिल्हे घेतले त्यांत जालना आहे. योजनेतल्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या भिंतीपुढं उभे राहा. पाण्याचा ताळेबंद रंगवलाय : पाऊस किती, मुरलं किती, पिकांना किती लागेल, तूट किती. १९८८ मध्ये जे फाइलमध्ये गेलं ते पस्तीस वर्षांनी भिंतीवर आलं. गावातली एक मुलगी निरीक्षण विहिरीत टेप सोडते. आता खडू लागत नाही. टोकाला पाणी लागलं की यंत्र वाजतं. ती आकडा मोठ्यानं वाचते आणि काठावरचे चार जण ऐकतात, त्यांतल्या दोघांचे बोअर या विहिरीच्याच भेगेवर आहेत.

पण बऱ्याच गावांत ती भिंत रंगवल्यावर पुन्हा कोणी पुसून नवा आकडा लिहिलेला नाही. जुन्या वर्षाची तूट ऊन-पावसात फिकी होतेय. योजना संपते, कंत्राट संपतं, आणि पाच तारखेसारखी तारीख कोणी ठरवून दिलेली नसते.

म्हणून वाचकहो, तुम्ही जालन्याचे असा, बीडचे, बुलढाण्याचे किंवा पुण्यात राहून गावी विहीर असलेले असा, एक विनंती आहे. वजन बांधलेली दोरी आणि मीटरपट्टी एवढ्यावर काम होतं. येत्या सप्टेंबरच्या अखेरीला तुमच्या विहिरीची पाणीपातळी काठापासून मोजा, मे महिन्यात पुन्हा मोजा, आणि शेजारच्या चार विहिरींचीही मोजा, मालकांना बरोबर घेऊन. आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. रब्बीला काय पेरायचं हे त्यानंतर, सगळ्यांनी एका बैठकीत बसून ठरवा. तालुक्याला भूजलाचा माणूस येतो त्याला त्या बैठकीला बोलवा, आणि पुढच्या महिन्यातही बोलवा.